येऊन गेलो म्हणजे आलो

(डिसेंबर २०२५ मध्ये मंडळाच्या वर्षअखेरच्या मेळाव्यात यंदाच्या पदवीधरांच्या वतीनं केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा आपल्या मंडळाच्या घरांमधून आम्ही सात जण पदवीधर झालो. तिघं इथंच शिकलो, दोघं इंदूरला आणि दोघं पुण्याला. मघाशी आमचा सत्कार झाला, शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार. सातही जणांना बोलू दिलं तर पुऱ्या गार होतील असं अध्यक्षकाकांचं म्हणणं पडलं, म्हणून सातांच्या वतीनं हे एकच भाषण. लिहिताना भांडणं झाली. एका परिच्छेदावर तर अजूनही एकमत नाही. तो आला की सांगूच.

'सरतं वर्ष आणि आपलं गाव' असा विषय आम्हांला दिला गेला. बुऱ्हाणपुरात गावाबद्दलच्या भाषणाची एक ठरलेली वाट आहे. दख्खनचा दरवाजा, मुमताज, काळा ताजमहाल, केळी, जलेबी, आभार. शाळेत असल्यापासून आम्ही ते ऐकत आलोय. आमच्यातल्या दोघांनी तर २६ जानेवारीला ते पाठ म्हणून बक्षीसही मिळवलंय. आज ते म्हणणार नाही. जलेबी येईल, तिच्याशिवाय भागणार नाही, पण तिच्या वेळेला.

फेब्रुवारीत 'छावा' लागला. सिनेमा सुरू होतो तोच बुऱ्हाणपूरच्या लुटीनं. आमच्यातल्या दोघांनी तो पुण्याला पाहिला. गावाचं नाव ऐकल्याबरोबर दोघं खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "आमचं गाव! आमचं गाव!" शेजारचे एक गृहस्थ वळून म्हणाले, "म्हणजे तुम्ही मोगलांकडचे का?" सगळी रांग हसली. त्या दोघांना तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि नंतर आम्ही सातांनी मिळून डोकं चालवलं तरी धड उत्तर सापडलं नाही.

कारण बघा. १६८१ च्या जानेवारीअखेर, शंभूराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम पंधरवडा झाला होता, तेव्हा हंबीरराव मोहित्यांच्या फौजेनं बहादूरपुरा आणि तटाबाहेरचे बाकीचे पुरे लुटले. आपण मराठी माणसं. हे ऐकताना छाती फुगते आणि फुगावी. पण ते पुरे म्हणजे आपल्याच गावाच्या पेठा. लुटले गेले ते सराफ, कापडवाले, किराणावाले. खाफीखानानं शहरवासीयांचे हाल लिहून ठेवलेत, ते वाचताना आपल्याला आपलाच बाजार डोळ्यांपुढे दिसतो. पुण्याच्या माणसाला ही गोष्ट एका बाजूनं सांगता येते. आपल्याला ती दोन्हीकडून सांगावी लागते. टाळी आपणही वाजवतो, पण एक डोळा दुकानाच्या कुलपावर ठेवून.

सिनेमा उतरतो न उतरतो तोच मार्चमध्ये असीरगडचं सोनं निघालं. म्हणजे निघालं नाही, निघाल्याची आवई उठली. हमरस्त्याच्या कामाची माती शेतात पडली, त्यात मोगलांच्या मोहरा आहेत असं कुणीतरी म्हणालं, आणि मग रात्री-अपरात्री टॉर्च, फावडी, चाळण्या, मेटल डिटेक्टर घेऊन लोक शेतं उकरायला लागले. शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं. देशभरच्या वाहिन्यांवर आपलं गाव दोन-तीन दिवस झळकलं. आमच्या पुण्या-इंदूरच्या मित्रांचे फोन आले, "काय रे, सापडलं का काही?" आम्ही म्हणालो, "हो, कंबरदुखी सापडली."

खोदायचंच असेल तर आपल्या गावात खोदण्याचं याहून जुनं आणि याहून बरं उदाहरण आहे. नोव्हेंबरात आम्ही सातही जण कुंडी भंडाऱ्यात उतरलो. लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे आमच्यापैकी चौघं पहिल्यांदाच उतरत होते. पाहुण्यांना दाखवायला वरपर्यंत सगळे गेलेले, खाली कुणी नाही.

लिफ्टनं सुमारे ऐंशी फूट खाली गेलं की वरचा उन्हाचा ठिपका लहान होत जातो आणि पायाशी पाण्याचा आवाज ऐकू येतो. पाणी गार, नितळ, घोट्याच्या वर, आणि चालतं. साचलेलं नाही. भिंतींवर चुनखडीचे पांढरे जाड थर बसलेत, ते बघून आमच्यातला एक म्हणाला, "हे तर आमच्या गिझरच्या कॉइलसारखं दिसतंय." तो बी.एस्सी. आहे.

१६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे सरकत असतं. ते वाटेतच धरायचं. एकापुढे एक विहिरीसारख्या कुंड्या खणायच्या, तळाशी त्या बोगद्यानं जोडायच्या, आणि बोगद्याला उतार असा बेतानं द्यायचा की पाणी आपल्या पायांनी शहरापर्यंत चालत यावं. मोट नको, रहाट नको, बैल नको. कुंड्या शंभराच्या वर आहेत. त्या पाणी शेंदायला नसून मुख्यतः हवा-उजेडासाठी आणि आत उतरून गाळ काढण्यासाठी आहेत, हे आम्हांला त्या दिवशी कळलं. इराणात अशा रचनेला कनात म्हणतात. तिथं त्या पुष्कळ आहेत. आपल्या देशात अशी चालती रचना शोधायला फार फिरावं लागेल. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत ती गेली, 'खूनी भंडारा' या नावानं. आपल्या आजी मात्र अजून कुंडी भंडाराच म्हणतात. आम्ही आजींच्या बाजूनं.

खाली उभं असताना आम्हांला सांगण्यात आलं की गाळ काढणं थांबलं तर ही रचना काही वर्षांत मुकी होते. कुंडी ढासळते, बोगदा बुजतो, पाणी दुसरीकडे वळतं. वरून काहीच दिसत नाही. म्हणजे चारशे वर्षं ती टिकली याचा अर्थ दर पिढीत कुणीतरी खाली उतरून चिखल काढला. रहीमचं नाव राहिलं, इराण्याचं नाव राहिलं. चिखल काढणाऱ्यांची यादी कुठं नाही. पाण्याच्या बाबतीत या जिल्ह्याला तशी जुनीच खोड असावी, कारण जुलै २०२२ मध्ये देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला तोही आपलाच, सगळी २५४ गावं धरून.

आता मुमताजबद्दल. ठरलेलं भाषण करणार नाही म्हणालो, पण तिला टाळून जाणंही बरं नाही. १७ जून १६३१ ला ती इथं गेली, चौदाव्या बाळंतपणात. सहा महिने तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला ठेवलं आणि मग आग्र्याला नेलं. पुढचं जगाला माहीत आहे. मिर्झाराजे जयसिंग, ज्यांनी पुरंदरचा तह केला, दख्खनमधून परतताना १६६७ साली इथंच वारले. बोहरड्याला त्यांची छत्री आहे. हैदराबादचा पहिला निजाम १७४८ साली इथंच गेला, पुरला गेला खुलताबादला. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथं मुक्काम करून नांदेडला गेले. यादी केली तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "मोठ्या माणसांनी आपल्याकडे यायचं, मरायचं किंवा मुक्काम हलवायचा, आणि नाव दुसऱ्या गावाचं करायचं. आपण काय स्टेशनातली वेटिंग रूम आहोत का?"

गंमत म्हणून सोडून दिलेलं वाक्य होतं. पण डोक्यात राहिलं. पाहुण्यांना आपण गाव दाखवतो ते गेलेल्या माणसांचं दाखवतो. राहिलेल्या माणसांचं दाखवत नाही. आणि राहिलेल्यांच्या गोष्टी काही कमी नाहीत. जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत लेख आहे. फारुकी सुलतानाची वंशावळ त्यात आहे आणि तारीख दिलीय ती विक्रम संवत १६४६, शके १५११ अशी. म्हणजे आपल्या दाते पंचांगात बसेल अशी. कुणीतरी पंडित इथल्याच एखाद्या पेठेत राहत असणार, त्याला सुलतानाकडून बोलावणं आलं असणार, आणि त्यानं शक-संवत मोजून दिला असणार. त्याचा वाडा कुठं होता हे आम्हांला मुमताजच्या थडग्यापेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

आता 'येऊन गेले' या शब्दांकडे वळतो, कारण त्यावरून आमची पुण्यात फार शोभा झालीय.

आपण घरात म्हणतो, "पाहुणे येऊन गेले, चहा टाक." बरोबर? कुणालाच यात काही खटकत नाही. हिंदीतलं 'आ गए' आपण सरळ मराठीत ओतलंय. आमच्यातल्या एकानं वसतिगृहात खोलीमित्राला सांगितलं, "आई-बाबा येऊन गेले." तो म्हणाला, "अरे, मला भेटायचं होतं त्यांना." हा म्हणाला, "मग भेट ना, खाली बसलेत." पुढची दोन वर्षं त्याला 'येऊन गेला' याच नावानं हाक मारत. वर्गात शिरला की पोरं म्हणायची, "येऊन गेला का? मग परत कशाला आला?"

आणि 'ळ'. हिंदी माध्यमात शिकलेल्या आमच्यातल्या तिघांच्या तोंडी 'ळ' बसत नाही. केळीच्या ट्रकांची रांग लागते त्या गावात राहून आम्ही 'केली' म्हणतो. रावेर-सावद्याचे मावसभाऊ यावरून हसतात. बागा आमच्या आणि त्यांच्या एकमेकांना लागून, शब्द मात्र त्यांच्याकडेच राहिला. मागच्या वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मंडळात पेढे वाटले. पेढे आम्हीही खाल्ले. आमची मराठी अभिजात नाही, हे मान्य. ती बाजारात हिंदीशी, यंत्रमागवाल्या मित्रांच्या घरी उर्दूशी आणि आजोळी अहिराणीशी रोज गाठ पडून तयार झालीय. तिची थट्टा झाली तर हरकत नाही, पण आपल्याच मोठ्या माणसांनी पाहुण्यांसमोर "यांचं मराठी जरा असंच आहे" असं म्हणून आमची बाजू सोडू नये, एवढी विनंती. तुमचंही असंच आहे. आम्ही तुमच्याकडूनच शिकलो.

पुण्यात दुसरा एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही कुठले?" बुऱ्हाणपूरचे. "हो, पण मूळचे?" बुऱ्हाणपूरचेच. "अहो, पण मूळ गाव?" सुरुवातीला आम्ही चाचपडत पणजोबांचं कुठलंतरी गाव सांगायचो. या वर्षी ते बंद केलं. आपल्यापैकी कुणाचे पूर्वज १७६० मध्ये, उदगीरच्या लढाईनंतर निजामानं बुऱ्हाणपूर पेशव्यांना दिलं तेव्हा कारभारासाठी आले असं घरात सांगतात. कुणाचे शिंद्यांच्या चाकरीत, कुणाचे रेल्वेबरोबर, कुणाचे गिरणीबरोबर. काही घरं त्या सगळ्यांच्या आधीपासूनची. अडीचशे वर्षं राहून जर माणूस मूळचा होत नसेल तर किती वर्षं लागतात, हे एकदा पुणेकरांनी लेखी द्यावं.

१९५६ ची गोष्ट आम्हांला आजोबांकडून ऐकायला मिळाली आणि ती शाळेत कुणीच सांगितली नव्हती. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. जुन्या मध्य प्रदेशात आपला निमाड जिल्हा, आणि सरकारी अर्ज जायचे ते नागपूरला. दुसऱ्या दिवशी सकाळी, १ नोव्हेंबरला, राजधानी भोपाळ झाली. नागपूर, अमरावती, अकोला तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आजोबा म्हणाले, "आम्ही उंबरा ओलांडला नाही. आम्ही होतो तिथंच होतो. हललं ते बाकीचं सगळं." त्यामुळे आपण 'महाराष्ट्राबाहेर गेलेले' मराठी लोक नव्हे. बृहन्महाराष्ट्र वगैरे शब्द ठीक आहेत, पण बडोद्याला किंवा न्यू जर्सीला जाऊन वसणं वेगळं आणि सीमेनंच आपल्या अंगणातून वाट काढणं वेगळं. अजून बघा, कलेक्टर भोपाळचा आणि रेल्वे मुंबईची. स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. दाखला काढायला उत्तरेला, गाडी उशिरा आली तर तक्रार करायला दक्षिणेला. यंदा जुलैत महाराष्ट्र सरकारनं गणेशोत्सव हा राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला. आनंद झाला. सीमेपासून इतक्या जवळ राहून तो आपल्याला लागू नाही, याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही यावर आम्ही अर्धा तास घालवला. ठरलं असं की गणपतीनं सीमारेषा बघितलेली नाही.

आता तो परिच्छेद, ज्यावर एकमत नाही.

आमच्या सातांपैकी चौघं येत्या दोन-तीन महिन्यांत गाव सोडतायत. दोघांना पुण्यात नोकरी लागलीय, एकीला बंगळूरला, एक जण स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी इंदूरला. तिघं राहतायत. राहणाऱ्यांपैकी एक जण वडिलांच्या केळीच्या बागेत आणि पॅकिंगच्या कामात उतरतोय, एकीनं शाळेत शिकवायला सुरुवात केलीय, आणि तिसरा अजून ठरवतोय, त्याला आज कुणी विचारू नये.

जाणारे म्हणतात, जाण्यात दुःख कसलं? पोटासाठी माणूस जातो, पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी घरी. राहणारे म्हणतात, जा, पण मग गावाबद्दल हळवी स्टेटस टाकू नका. यावर पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सातही घरांत एकच वाक्य म्हटलं गेलंय आणि ते आई-बाबांनी म्हटलंय: "इथं काय ठेवलंय?"

आई, बाबा, काका, काकू, हे वाक्य तुम्ही प्रेमानं म्हणता, आमचं भलं व्हावं म्हणून म्हणता, हे आम्हांला कळतं. पण तेच तुम्ही आषाढ शुद्ध सप्तमीला तापीची जयंती म्हणून पहाटे राजघाटावर ओटी घेऊन जाता. तेच तुम्ही पुण्यात चार दिवस राहिलात की पाचव्या दिवशी पाण्याला चव नाही म्हणून परत येता. जलेबी इंदूरलाही मिळते, पण माव्याची जलेबी ती नव्हे असं म्हणून खव्याच्या तारेवर व्याख्यान देता. मग आम्ही नेमकं काय ऐकायचं? गाव सोडा हे, की दराबा नेऊन ठेव, हॉस्टेलवर मिळत नाही हे?

'इथं काय ठेवलंय' याला अर्थ आहे, तो नाकारत नाही. लालबागेत १९०६ पासूनची ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. आमच्यातल्या एकाच्या आजोबांनी सगळी नोकरी तिथं केली. गिरणीच्या भोंग्यावर त्यांच्या घरातली चहाची वेळ ठरलेली होती. भोंगा गेला तरी आजी त्याच वेळेला आधण ठेवते. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला, त्यानं लिहिलंय की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, कैरोपर्यंत जातं. आज यंत्रमाग चालतात, सिंधीपुऱ्याकडून जाताना भिंतीपलीकडची खटखट ऐकू येते, पण आमच्याबरोबर शिकलेली त्या घरांमधली मुलंही आम्हांला हेच सांगतात की अब्बा म्हणतात, दुसरं काहीतरी बघ. म्हणजे हे वाक्य फक्त मराठी घरांत नाही.

एकमत झालं नाही ते यावर: हे वाक्य तुम्ही म्हणणं बंद करावं का? चौघं म्हणाले, करावं. दोघं म्हणाले, बोलू द्या, खरंच बोलतात. एकीनं मत दिलं नाही. तिच्या घराचं सांगतो, तिच्या परवानगीनं.

तिचा वाडा या ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी विकायचा ठरला आणि इसारही झाला. तीन पिढ्यांत वाटण्या झालेल्या, माळवद गळतं, दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. घरच्यांचा निर्णय चुकीचा आहे असं तीसुद्धा म्हणत नाही. आवराआवर करताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. आत मोडीतले कागद. हिशेब असतील, खरेदीखतं असतील, किंवा नुसत्या कुणाच्या तरी उधाऱ्या. घरात कुणालाच मोडी येत नाही. काकांनी पेटी रद्दीवाल्यासाठी दाराशी नेऊन ठेवली होती. तिनं ती रात्री उचलून स्वतःच्या खोलीत आणली. आता ती बंगळूरला निघालीय आणि पेटी कुठं ठेवायची हा प्रश्न आहे. तिनं मत दिलं नाही, पण बैठक संपताना विचारलं, "अशा आणखी किती पेट्या गेल्या असतील?"

त्या प्रश्नावर आम्ही सातही जण गप्प झालो, आणि मग पुढचं सगळं एकमतानं लिहिलं.

नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत असा प्रस्ताव आला की पुढच्या वर्षीपासून मंडळाचा उत्सव दहा दिवसांऐवजी पाच दिवसांचा करावा. कारणं आम्ही वाचली आणि ती रास्त आहेत. मंडप उभारायला माणसं मिळत नाहीत, स्वयंपाकाची जबाबदारी घेणाऱ्या काकूंचे गुडघे दुखतात, सातव्या-आठव्या दिवशी आरतीला पंधरा माणसं असतात, आणि स्पर्धांना मुलं नसतात म्हणून एकाच मुलीला चित्रकला, रांगोळी आणि पाठांतर अशी तीन बक्षिसं द्यावी लागली. (ती मुलगी समोर बसलीय. तिचं अभिनंदन.) निर्णय मार्चच्या सभेवर ठेवलाय.

आमची मागणी एवढीच की मार्चमध्ये निर्णय घेऊ नये. एक वर्ष द्यावं. पुढचा उत्सव, १४ सप्टेंबर २०२६ ला बसणारा, दहा दिवसांचाच ठेवावा आणि त्यातले मधले पाच दिवस, जे ओस पडतात, ते आमच्याकडे सोपवावेत.

जाणाऱ्या चौघांनी सुट्ट्या आत्ताच वाटून घेतल्यात. चौघं एकदम आले आणि चौघं एकदम गेले असं होणार नाही. प्रत्येक दिवशी किमान दोघं इथं असतील आणि राहणारे तिघं तर आहेतच. स्वयंपाकाचं म्हणाल तर एका संध्याकाळी मांडे करणाऱ्या भाईंना मंडळाच्या अंगणात बोलवायचं ठरवलंय. आपल्या खान्देशात खापरावर मांडे होतात ते पुरणाचे, त्यांचे फिके, पण नाव एक आणि पातळ करायची ती हातावरची कसरतही एकच. काकूंनी त्या दिवशी फक्त शेजारी बसून त्यांना नावं ठेवायची. एका दिवशी लहान मुलांना घेऊन कुंडी भंडारा, खालपर्यंत, आणि सगळी माहिती मराठीत, आपल्या मराठीत, 'ळ' चुकला तरी. एका दिवशी मोडी वाचणाऱ्या कुणाला भुसावळ-जळगावकडून बोलवून ती पत्र्याची पेटी सगळ्यांसमोर उघडायची. उधाऱ्याच निघाल्या तर कुणाच्या पूर्वजांनी कुणाच्या पूर्वजांचे किती बुडवले ते तरी कळेल. उपस्थिती वाढेल असं वाटतं.

पेट्यांसाठी जागाही हवी. मंडळाच्या कार्यालयात ते हिरवं लोखंडी कपाट आहे, ज्यात जुन्या स्मरणिका आणि सभांची इतिवृत्तं आहेत. त्याचा खालचा कप्पा आम्हांला द्यावा. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर कागद, जुने फोटो, गिरणीतले किंवा रेल्वेतले दाखले असतील तर रद्दीत घालण्याआधी एक फोन करा. राहणाऱ्या तिघांपैकी कुणीतरी स्कूटरवर येऊन घेऊन जाईल. मोजमाप नाही, पिशवीभर असलं तरी चालेल.

फक्त त्या कपाटाला कुलूप आहे. खजिनदारकाका म्हणाले किल्ली चिटणीसकाकांकडे, चिटणीसकाका म्हणाले मागच्या कार्यकारिणीकडे, आणि मागच्या कार्यकारिणीतले आजोबा म्हणाले की त्यांनी ती गणपतीच्या चांदीच्या ताटाबरोबर एका डब्यात ठेवली होती. तो डबा यंदा कुणाच्या घरी आहे, तेवढं जेवायला बसण्याआधी कुणीतरी सांगावं. आम्ही दाराशीच उभे आहोत.